सोल्वेयने वाटली नाहीत ती पत्रकं

हेल्गेबू गावात सोल्वेय अकरा वर्षं घरोघरी जाहिराती वाटत होती. किराणा दुकानाच्या, चष्म्याच्या, निवडणुकीच्या. त्या सोमवारी गठ्ठा सोडताच तिचे हात थांबले. ‘उत्तर पहारा’ नावाच्या संघटनेच्या पत्रकावर जळालेल्या मशिदीचा फोटो होता. दोन वर्षांपूर्वी शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी एकाने दार बाहेरून अडवून ती पेटवली होती. सहा माणसं गेली. फोटोखाली छापलं होतं : ‘एकाने करून दाखवलं. आता तुमची पाळी.’

ती तडक साहेबाकडे गेली.

“स्टुरे, हे मी वाटणार नाही.”

“आपण वाटतो, वाचत नाही,” स्टुरे कॉफी ढवळत म्हणाला. “कंपनीच्या वकिलानं पाहिलंय. ते त्यांचं मत आहे. मत मांडायची मोकळीक आहे ना देशात?”

“मत? शाळा बंद करा, रस्ता रुंद करा, याला मत म्हणतात. हे काडी घेऊन या म्हणून दिलेलं आमंत्रण आहे!”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“उद्यापासून कशाला? आजपासूनच!”

सोल्वेयने आपल्या भागाचा गठ्ठा उचलला आणि चौकातल्या रद्दीच्या लोखंडी पेटीत सगळा कोंबला. मग ती आपल्याच भागात राहणाऱ्या होदानकडे गेली. होदानचा नवरा लिबान त्या आगीत गेला होता. आपण हिला एका जखमेतून वाचवलं, असं सोल्वेयला वाटत होतं.

होदानने ऐकून घेतलं आणि ती उसळलीच.

“फेकलीस? माझ्या दाराशी यायच्या आधीच?”

“तुला त्रास नको म्हणून...”

“त्रास? माझ्या नवऱ्याला जाळलं, सोल्वेय! दुसऱ्या भागात हे कागद कालच वाटले, तिकडून मला फोन आलाय. पोलीस म्हणतात, ऐकीव नको, कागद आणा. आणि तू तो लपवतेस! माझं डोकं शाबूत आहे, मला सगळं वाचता येतं.”

सोल्वेयची मान खाली गेली. दोघी चौकात आल्या. पेटीची फट अरुंद होती. होदानने कोट काढला, दंडापर्यंत हात आत घातला, पत्रा लागून कोपर खरचटलं. येणारेजाणारे बघत होते.

“काय बघताय?” सोल्वेय ओरडली. “घरी पत्रक आलं तेव्हाही असेच बघत राहिलात ना?”

पलीकडच्या भागातला एक म्हातारा घरी गेला आणि आपलं पत्रक घेऊन आला. तोवर होदानच्या मुठीतही चुरगळलेली चार आली होती.

पाचही कागद घेऊन दोघी पोलिसांकडे गेल्या. खटला सात महिने चालला. ‘उत्तर पहारा’ संघटनेचा पुढारी सगळे दिवस म्हणत राहिला, “आमचा आवाज दाबला जातोय.” न्यायाधीशबाईंनी त्याला चार महिने कैद दिली. निकालात लिहिलं, की माणसं मारायला चिथावणं म्हणजे मत नव्हे.

त्या संध्याकाळी स्टुरेचा फोन आला.

“सोल्वेय, कंपनीनं नियम बदललाय. असली पत्रकं आता घ्यायची नाहीत. परत ये.”

“सहा माणसं जळाली तेव्हा नाही बदलला,” ती म्हणाली. “कंपनी अडचणीत येईल म्हटल्यावर बदलला. नाही येणार.”

तिने फोन ठेवला.