अखजीचा घास

हरिदासच्या बापाला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझा हा एकुलता पोरगा नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीवर सिंदीला आला, तो ख्रिस्ती होऊन. दारातच सांगितलं त्यानं, चपला काढता काढता. मी म्हटलं, "आंघोळ कर, जेव." पोरांना बिडी लागते, तशी ही सवय लागली असेल; घरचं चार दिवस खाल्लं की सुटेल, असा माझा हिशेब.

सुटली नाही. पहाटे उठून गोठ्यात बैलांशेजारी गुडघे टेकून प्रार्थना करायचा. रविवारी पॅसेंजरनं वर्ध्याच्या चर्चमध्ये जायचा. दुसऱ्या रविवारी मी मुद्दाम छपराचे कवेलू फेरायला काढले. पावसाआधी ते काम करावंच लागतं, कोण काय म्हणणार? तो शिडी लावून वर चढला. दिवसभर उन्हात छपरावर बसून कवेलू फेरले आणि वर गाणी म्हणत राहिला, त्याच्या देवाची.

माझे दीर नत्थूजी म्हणाले, "वयनी, पोरगं गेलं तुमच्या हातचं."

"माह्या हातचं काई जात नाई, भाऊजी. तुमची म्हैस तिसऱ्यांदा कोंडवाड्यात गेली, ते पाहा पयले."

मग अखजी आली, म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि गोवरीच्या विस्तवावर त्याला घास टाकतात. तो मुलानं टाकायचा. नाही टाकला तर बाप वर्षभर उपाशी. रूपराव जिवंतपणी माझ्या घरात एक दिवस उपाशी राहिले नाहीत, मेल्यावर का राहतील?

हरिदास म्हणाला, "आई, मले हे जमत नाई. ख्रिस्ती होतानी पाण्यात उतरून सगळ्याइसमोर शब्द देला मी."

"ज्या हातानं बापाले आग देली, त्या हातानं घास देता येत नाई काय?"

"दुसरं काईबी सांग, करतो."

"दुसरं काई सांगाचं नाई मले. तू घास टाकशीन, तवाच मी पाणी पेईन."

वैशाखाचं ऊन. तो चारदा लोटा घेऊन आला, चारदा मी तोंड फिरवलं. शेवटी माझ्यापाशी खाली बसून हळूच म्हणाला, "आई, एवढं केलं तर माह्यापाशी काईच राह्यत नाई."

"मी आहो ना," मी म्हटलं.

तिसऱ्या प्रहरी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओसरीवरच कलंडले. शुद्ध आली तेव्हा तो अंगणात विस्तवापुढे बसला होता. पुरणपोळीचा तुकडा, वर तूप, भोवती पाणी फिरवलं. नत्थूजींनी सांगितलं तसे हात जोडले. मग लोटा माझ्या तोंडाला लावला. मी घटाघटा प्याले. जिंकले, असंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो गोठ्यात गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी मीच त्याला हलवलं.

"गाडीची वेळ झाली. जात नाई काय वर्ध्याले?"

"कोनत्या तोंडानं जाऊ?"

"चुकलं म्हनून सांग. तुमचा देव माफ करते ना?"

"चुकलो असतो तर सांगतलं असतं. मी जानून केलं. आन् बाबांले बी मनातून हात जोडले नाई. आता कोनालेच जोडता येत नाई मले."

आयुष्यात मी कोणाला एक गोष्ट दोनदा म्हटली नाही. त्याला म्हटली, जाय म्हणून. पेटीतलं त्याच्या देवाचं पुस्तक काढून उशापाशी ठेवलं. त्यानं ते उचलून परत पेटीत घातलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पुढे कॉलेज उघडलं, तो गेला नाही. गावात बाया म्हणतात, "मनकर्णाबाई, पोराले बरं वळतीवर आनलं तुमी." मी मान ताठ ठेवून हो म्हणते. घरात तो वाढलेलं जेवतो. भाकर वाढू का विचारलं तर म्हणतो, वाढ. पुरे का विचारलं तर म्हणतो, पुरे.