यस्टरडे आला की हॅव जातं

"माणसानं अग्नीचा शोध लावला, चाकाचा लावला, पण मनुष्यजातीची खरी कमाई कोणती असेल, तर ती प्रेझेंट परफेक्ट टेन्स!" टेंभुर्णीच्या शाळेत नववीच्या वर्गापुढे मच्छिंद्र सरांनी हात उंचावून जाहीर केलं.

"सर," पहिल्या बाकावरची आकांक्षा म्हणाली, "तुमचा शर्ट उलटा हाये."

सरांनी खाली पाहिलं. शिवणी बाहेर, खिसा आत. वर्ग हसायच्या परवानगीची वाट बघत होता. पण सर तीस वर्षं मुरलेले. "इंग्रजीत सांग," ते म्हणाले.

"यू हॅव वोर्न युवर शर्ट... उलटा."

"शाब्बास! घालण्याची क्रिया सकाळीच संपली. परिणाम?"

"अजून दिसून राह्यलाय, सर!" अख्खा वर्ग ओरडला.

रोज शर्ट सरळ करून पलंगावर ठेवायच्या त्या सरांच्या पत्नी द्वारकाबाई; आणि द्वारकाबाई आठ दिवसांपूर्वी राजूरला भावाकडे निघून गेल्या होत्या. त्यालाही हाच काळ कारण.

नात रेणू नाशिकला इंग्रजी शाळेत. तिच्याशी बोलता यावं म्हणून द्वारकाबाई दोन महिने भाकरी थापता थापता मोबाइलवर इंग्रजी शिकत होत्या. घरातल्या मास्तरला विचारलं नव्हतं. मास्तर शिकवण्याआधी हसतो, हे त्यांना माहीत होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर लेक, जावई, विहीणबाई, सगळे हजर. द्वारकाबाईंनी पदर सारखा केला आणि आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य उच्चारलं, "रेणू, आय हॅव मेड लाडू यस्टरडे."

रेणूनं टाळ्या वाजवल्या. मागून सर खो खो हसले. "अगं, यस्टरडे आला की हॅव जातं!"

"कसं काय जातं? केले काल, पन डब्यात हायेत ना अजून?"

"नियम म्हणजे नियम. हॅव जातं."

"मंग मी बी जाते," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं गेल्या.

"सर," आकांक्षाचा हात पुन्हा वर. "माझ्या भावानं परवा हात मोडून घेतला. पलस्तर अजून हाये. म्हंजी परिणाम हाये. मंग परवा म्हनलं तर हॅव का न्हाई?"

नियम म्हणजे नियम, हे सरांच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. "चालत नाही, बाळा," ते म्हणाले. "पण तुझं चुकत नाही. इंग्रजीचं चुकतं."

तीस वर्षांत इंग्रजीची चूक सरांनी पहिल्यांदाच काढली होती.

मधल्या सुट्टीत ते शाळेमागच्या लिंबाखाली गेले, उलट्या शर्टानंच. आठ दिवसांत एकदाही फोन केला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्यानं आपली चूक कुठल्या काळात कबूल करावी, हेच ठरत नव्हतं. 'चुकलो' म्हटलं की विषय संपला. 'चुकलोय' म्हटलं तर ती चूक अजून अंगावर. शेवटी त्यांनी नंबर लावला.

"हॅलो. मी चुकलोय."

पलीकडे देवळाची घंटा वाजली.

"कवा?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"आठ दिवसांपूर्वी."

"मंग नुसतं चुकलो म्हना. दिवस सांगितला की हॅव जातं."

सरांनी घसा खाकरला. "जात न्हाई," ते म्हणाले. भाषा त्यांची त्यांनाच ओळखू येईना. "अजून डब्यात हाये."



"लाडू किती राह्यलेत?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"दोन."

"अवो, जेवायला लाडूच खाल्ले काय?"

"दुसरं काय येतं मला?"

"हितं नवे करून ठेवलेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "न्यायला याल तवा डबा घेऊन या. आन बराबर घासून आना, तुपकट बिलकुल चालायचा न्हाई."