दुसरी वही

घड्याळजीचे कान तल्लख म्हणून आख्ख्या बाजारात नाव होतं. घड्याळ कानाशी धरलं की झाकण न उघडता तो दुखणं सांगायचा. त्याच कानांच्या जोरावर तरुणपणी तो मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची भाषा, शिकला आणि पुढे आपल्या दोन मित्रांनाही त्याने हौशी रेडिओचा, म्हणजे बिनतारी सेटवरून दूरच्या अनोळखी माणसांशी बोलण्याचा, नाद लावला. एक शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर, दुसरा वायरमन. वर्षातून चार-पाच रविवारी तिघं रेडिओचा सगळा संसार पाठीवर टाकून गावाबाहेरच्या टेकडीवर जायचे. मास्तरकडे सेट, वायरमनकडे बॅटरी, काठी आणि अँटेनाची तार. घड्याळजीने फक्त आपली मोर्सची की, म्हणजे ठोके पाठवायची कळ, उचलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा वायरमनचा दंडक होता. ओझ्याने हात थरथरले तर दूरदेशीची माणसं आपल्याला शिव्या घालतील, असं तो म्हणे.

अलीकडे कान दगा देत होते. ही गोष्ट घड्याळजीने स्वतःशीसुद्धा धड कबूल केली नव्हती. आधी त्याने सेटचा आवाज वाढवला, मग स्वर उतरवत उतरवत पार घोगरा करून टाकला. तरीही टेकडीवर काम व्हायचंच. समोरचा माणूस सावकाश पाठवायचा, प्रत्येक गोष्ट तीन-तीनदा सांगायचा. हल्ली लोक सभ्य झालेत, असं घड्याळजी कौतुकाने म्हणायचा. त्यावर मित्र माना डोलवायचे. मास्तर दुसरा हेडफोन लावून शेजारी बसायचा. आपला सराव मोडला, म्हणून नुसतं ऐकतो, असं त्याने सांगून ठेवलं होतं.

त्या रविवारी वारा होता. अँटेनाच्या काठीची एक ताणदोरी सैल झाली म्हणून मास्तर आणि वायरमन उताराकडे गेले, आणि नेमकी घड्याळजीच्या पेन्सिलींची टोकं एकामागून एक मोडली. पेन घ्यावं म्हणून त्याने मास्तरची पिशवी उघडली. आत एक वही होती.

वहीत मास्तरच्या टपोऱ्या अक्षरात सकाळपासूनच्या नोंदी होत्या. घड्याळजीने आपली नोंदवही शेजारी ठेवली. त्याने नऊ स्टेशनं, म्हणजे पलीकडून बोलणारी नऊ माणसं, लिहिली होती. त्यातली तीन बरोबर होती. चारांच्या नावात अक्षरं चुकली होती, आणि दोन तर मास्तरच्या वहीत नव्हतीच. ती दोन माणसं कुठून आली होती? खरखरीतून त्याने स्वतःच ऐकली होती.

मागची पानं चाळताना एक कागद हाती लागला. परदेशातल्या कुणीतरी मास्तरला लिहिलं होतं की काळजी करू नका, तुमच्या मित्रासाठी सावकाश पाठवीन, तीनदा पाठवीन, आमच्या इथल्या इतरांनाही सांगून ठेवलंय.

घड्याळजीने तो कागद दोनदा वाचला. मग वही मांडीवर उघडी ठेवली.

मास्तर आणि वायरमन वर आले. वही बघून मास्तर जागच्या जागी थबकला.

"कधीपासून?" घड्याळजीने विचारलं.

"दोन वर्षं होऊन गेली."

"ह्यालाही ठाऊक होतं?"

वायरमन आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"तुला सांगितलं असतं तर तू आलाच नसतास," मास्तर म्हणाला.

"नसतोच आलो."

"म्हणून नाही सांगितलं."

मास्तर हे सारं जरा मोठ्यानेच बोलत होता. तो कित्येक दिवस असाच मोठ्याने बोलतोय, हे घड्याळजीच्या तेव्हा ध्यानात आलं. राग यावा अशी त्याची फार इच्छा होती. पण रागावणार कुणावर? कुणी त्याची टर उडवली नव्हती. आख्ख्या पृथ्वीवरची अनोळखी माणसं त्याला लहान मुलासारखी जपत होती, आणि तो दोन वर्षं ऐटीत की खटखटवत बसला होता.

"आत्ता कुणी आहे का?" त्याने विचारलं.

मास्तरने हेडफोन लावला. "आहे. ज्याचं पत्र आहे, तोच. तुलाच बोलावतोय."

घड्याळजीने आपला हेडफोन चढवला, आवाजाचं बटण टोकापर्यंत फिरवलं. पत्र्यावर वाळू ओतावी तशी नुसती खरखर. तिच्यात कुठेतरी माणूस होता. त्याने डोळे मिटले, श्वास धरला, तरी काही हाती येईना. मास्तर त्याच्या मनगटावर बोटाने एकेक अक्षर वाजवू लागला, तेव्हा त्याने हात काढून घेतला.

मग त्याने की जवळ ओढली. हात अजून त्याचेच होते. एक ठोका इकडचा तिकडे न होऊ देता त्याने पाठवलं, की माझे कान गेले, तुमचे उपकार झाले, मी थांबतो.

समोरून उत्तर आलं असावं, कारण मास्तरने पेन उचललं आणि बराच वेळ लिहिलं. कागद पुढे केला. घड्याळजीने तो घेतला नाही.

"वाच तरी."

"वाचून काय करू? मला ते ऐकायचं होतं."

त्यांनी सामान आवरलं. घरी बायकोने विचारलं, आज लवकर कसे? तिनेही ते समोर येऊन, ओठ नीट हलवून विचारलं. म्हणजे हिलाही माहीत होतं. त्याने सांगितलं, वारा फार होता.

दीड महिन्याने, एका रविवारी सकाळी बायको बहिणीकडे गेली होती. घड्याळजी खिडकीशी उभा होता. खाली दाराशी ते दोघं आलेले त्याला दिसले. मास्तरच्या पाठीवर सेट, वायरमनच्या खांद्यावर काठी. वायरमनचं बोट बेलवर होतं; बेल वाजत असावी, घड्याळजीला ती ऐकू आली नाही. त्याने ते काढलं, थोडं थांबला, पुन्हा ठेवलं. घड्याळजी पडद्याआड सरकला, दार उघडायला गेला नाही. चांगला पाव तास ते तसेच उभे होते. मग मास्तरने मान हलवली. दोघं निघाले, टेकडीच्या बाजूला नाही, आपापल्या घराकडे.