पाचव्या पायरीवरचे ठिपके

लालासाहेबांनी उपरण्याचा बोळा नाकाशी दाबला आणि काठीच्या टोकानं घाटाच्या पाचव्या पायरीवरचा मेलेला मासा पाण्यात ढकलला. फुगलेला मासा गोल फिरून पुन्हा पायरीलाच लागला. आटलेल्या कृष्णेवर पिवळट, आंबूस साय धरली होती. सप्ताहाचा सहावा दिवस, उद्या काल्याचं कीर्तन, आणि महाराजांचे पाय धुवायचं पाणी हे असं.

हे कुणाचं काम, याची त्यांना शंका नव्हती. वरच्या अंगाला नाथाजीची पोल्ट्री होती. माळ घातल्यापासून पंधरा वर्षं त्या घरचं पाणीसुद्धा ते प्यायले नव्हते. पोल्ट्री बंद करण्याचा ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज खिशात तयार होता. पुरावा तेवढा नातीनं द्यायचा होता. सांगलीच्या कॉलेजात शिकणाऱ्या सृष्टीनं नदीच्या याच वळणाचा प्रवाह मोजून संगणकात घातला होता.

मंडपाच्या कडेला बसून तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर नदीचं वळण उमटलं; एकेक ठिपका म्हणजे पाण्यात पडलेल्या घाणीचा एकेक कण. काठाकाठानं हजारो ठिपके सुटले, भोवऱ्यांत सापडले, वारूळ फुटल्यासारखे पांगले.

"ही तर नुसती भिरभिर. ह्यातनं काय कळायचं?"

"आबा, ह्यात फासा कुठंच टाकलेला न्हाई. प्रत्येक ठिपका नियमानंच चालतो. सुटताना केसभर फरक पडला तरी वाट बदलते, म्हणून जुगार वाटतो."

तिनं तेच पुन्हा चालवलं. दोनशे बारा नंबरचा ठिपका तेच वेढे घेत पाचव्या पायरीवर आला. तिसऱ्यांदाही तिथंच. लालासाहेबांना ते फार आवडलं. देवाचं करणंही असंच असणार, आपल्याला दिसत नाही एवढंच, असं ते म्हणाले.

"आता नाथाजीचं दाखव."

पोल्ट्रीच्या ओढ्यातले ठिपके पलीकडच्या काठानं पुलाखाली निघून गेले. घाटाला एकही लागला नाही.

"मग हितं आलेलं सुटलं कुठनं?"

सृष्टीनं त्यांच्याकडं न बघता बटण दाबलं. पाचव्या पायरीवरचे ठिपके आल्या वाटेनं मागं गेले आणि देवळामागं, उंबराखालच्या खाटेएवढ्या जागेत गोळा झाले.

प्रसाद पायदळी येऊ नये म्हणून पंगतीनंतर उरलेली आमटी-भाताची पातेली लालासाहेब स्वतः उभं राहून रोज तिथंच नदीत रिकामी करवत होते.

दुपारी पातेल्यांचा टेम्पो नाथाजीच्या दारात थांबला. विष्ठेचा भपकारा आला तसं लालासाहेबांनी उपरणं नाकाला लावलं. त्यालाच आंबलेल्या आमटीचा वास होता. त्यांनी ते खाली घेतलं.

"कोंबड्या भात खात्यात का रं?"

"खात्यात की. उनातनं आलायसा, पाणी..." नाथाजीनं जीभ चावली.

लालासाहेब गळ्यातल्या माळेचा मणी फिरवत क्षणभर उभे राहिले. मग चपला काढून ओसरीवर टेकले.