कावळा शिवेपर्यंत

मी चौथीपर्यंत शिकले, ती पण अर्धी. तरी घरात कोण काय शिकतंय ते विचारल्याबिगर मला घास उतरत नाही. माझ्या लेकाची, काकासाहेबाची, थोरली मुक्ता पुण्याला विद्यापीठात मराठीचं एम.ए. करत होती. एकाहत्तरच्या दिवाळीला आली तेव्हा मी म्हटलं, "काय शिकवत्यात गं तिथं?"

"लिहायला, आजी. नव्या तऱ्हेनं. सर म्हणतात, गोष्टीतला सांगणारा काढून टाका. नुसती माणसं बोलू देत. कोण बोलतंय तेसुद्धा लिहायचं नाही."

"बिननवऱ्याची वरातच की गं! आन ह्याचा त्याला पगार देत्यात?"

पोरगी हसली, पण वरवरच. राहुरीकडचं एक स्थळ घेऊन सोयरिकी जुळवणारा पुंजाराम आमच्याकडं खेटे घालत होता आणि काकासाहेबाच्या मनानं घेतलं होतं. तुळशीचं लग्न लागलं की हिचं. सुट्टी संपल्यावर ती पुण्याला जाणार की राहुरीला, ह्यावर घरात सगळे मूग गिळून. मी तेवढी बोलले. काकासाहेब म्हणाला, "बी.ए. झाली की, आई. दादांना दिलेला शब्द पाळला मी. आता काय तिला म्हातारी करू?"

शब्द दिला होता तो घाटावर. माझे मालक, म्हणजे काकासाहेबाचे दादा, जाऊन त्या दिवाळीला तीन वर्षं झाली होती. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल ते ओळखून एकेकानं कबुली द्यायची असते. कावळा शिवेपर्यंत कुणी अन्नाला हात लावत नाही. आमच्यात बायका घाटावर जात नाहीत. आम्ही घरी उपाशी बसलो होतो. काकासाहेबानं मुक्ताला शिकवायचं कबूल केलं आणि कावळा शिवला, एवढंच आमच्या कानावर आलं.

मुक्तानं गोष्ट लिहिली होती ती त्याच घाटाची. सगळ्यांना विचारून विचारून. संध्याकाळी ओसरीवर काकासाहेब होता, पुंजाराम जेवायला थांबलेला, शेजारचा मच्छिंद्रही टेकलेला. मी म्हटलं, वाच. ती वाचायला लागली.

"'देव्हाऱ्यात चांदीचा टाक बशिवतो, दादा.' 'सरका रं, पिंडावर सावली पडतीया.' 'तुमची खिल्लारी इकनार न्हाई.' 'पानावर तंबाखू ठिवा, म्हाताऱ्याला लागायची.' 'कोन रं त्यो बिडी वढतोय?'"

"आरं, ती बिडी माझी!" मच्छिंद्र उडालाच. नाव नाही, गाव नाही, तरी जो तो आपापलं ओळखून हसायला लागला. शेवटी कुणीतरी म्हणतं, 'ऊन चढलं, आता न्हाई येत.' आणि मुक्तानं कागद मिटले.

"फुडं?" पुंजाराम म्हणाला.

"संपली."

"कावळा शिवला का न्हाई मंग?"

"ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. सर म्हणतात, नव्या कथेला शेवट नसला तरी चालतो."

"पुन्याला चालत आसंल!" मी म्हटलं. "माझ्या मालकाला तसंच ताटकळत ठिवतीस व्हय? ऐका गं, कावळा शिवल्याबिगर आज ताटं वाढायची न्हाईत."

आतून कालवणाचा वास येत होता. पुंजारामानं मच्छिंद्राला ढोसलं, "तू हुतास न्हवं? सांग की लवकर."

"बामन दर्भाचा कावळा वळाय बसलं हुतं," मच्छिंद्र म्हणाला. "तवर काकासाहेब म्हनला, पोरीला शिकवीन म्हून. आन शिवला."

काकासाहेब माझाच लेक. त्याचं बोलणं दुसऱ्यानं सांगितलेलं त्याला कसं सोसावं? ताडकन उठला. "आसं न्हवतो म्हनलो मी! गुडघाभर पान्यात हुबा हुतो. म्हनलो, दादा, तुमची मुक्ता जितवर म्हनंल तितवर शिकवीन, मदी आडवा येनार न्हाई. त्वांडातला शब्द संपतोय तवर दोन कावळं उतरलं."

आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कुठं ऐकू आलं. तो खाली बसला, उपरणं झटकलं, परत खांद्यावर टाकलं.

"जितवर ती म्हनंल तितवर?" मी विचारलं.

"तसंच म्हनलो हुतो," तो बारीक आवाजात म्हणाला.

पुंजारामानं घसा खाकरला. "मंग पाव्हन्यांना काय सांगू?"

"दोन साल थांबा म्हनावं."

"दोन साल पोरगं बिनलग्नाचं ठिवत्यात व्हय कोन!"

"मंग न्हाई म्हून सांगा. ताटं वाढा गं."

स्थळ मोडलं तरी पुंजाराम तीन भाकरी जेवला.

चुलीपाशी मी मुक्ताला गाठलं. "मुद्दाम शेवट ठिवला न्हाईस ना?"

ती निखाऱ्यांकडं बघत राहिली. "नाही गं, आजी. लिहीत लिहीत तिथवर आले. पुढचं वाक्य माझ्याबद्दलचं होतं. हात चालेना. मग सरांचं बोलणं आठवलं."

मी तिच्या भातावर तूप जरा जास्तच वाढलं.

सुट्टी संपली तेव्हा काकासाहेबानं तिची वळकटी स्वतः आवळली, इतकी करकचून की पुण्यात सोडायला गडी लागावा. एस.टी.च्या खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "फुडची गोष्ट लिवशील ती मला इचारून लिव."

"विचारीन, आबा. पण तुम्ही आधी चिडल्याशिवाय खरं सांगत नाही."

पोरगी माझ्यावर गेली आहे.