समुद्र आज नको म्हणतोय
हवाईत वडीलधाऱ्या माणसाला, ओळख असो वा नसो, अंकल म्हणतात. आपण काका म्हणतो तसंच. केओनी अंकल सत्तरीचे. सर्फिंग शिकायला आलेल्याला ते आधी अर्धा तास वाळूत नुसतं बसवत. लाटा बघायच्या, मनातल्या मनात समुद्राची परवानगी मागायची. तो नको म्हणाला, तर बोर्ड उचलून घरी जायचं. त्यांच्या पणजोबांपासूनची रीत.

मला ते थोतांड वाटलं होतं. मी टेक्सासमधल्या अर्विंगचा आयटीवाला, चार दिवसांच्या रजेवर आलेला. मला कोणी अर्धा तास नुसतं बसवलं तर माझं डोकं फिरतं.

त्या ट्रिपला नीलांबरी, माझी बायको, आली नव्हती. मी आणि आमची एकोणीस वर्षांची अनया, दोघंच गेलो होतो. परत मी एकटा आलो.

वर्षभराने नीलांबरी मला घेऊन तिथे गेली ती एकाच कामासाठी. त्या म्हाताऱ्याला तोंडावर जाब विचारायचा होता.

"तुम्ही एवढे जाणते," ती इंग्रजीत त्यांच्यावर ओरडली, "माझ्या मुलीला पाण्यात जायला हो म्हणालातच कसे?"

अंकलनी टोपी काढली. एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. म्हणाले, "किनाऱ्यावर मी थोरला होतो. जो थोरला, त्याचीच जबाबदारी. मला माफ करा."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि संन्यासी गपगुमान मान पुढे करून उभा.

अंकल हो म्हणालेच नव्हते. "समुद्र आज नको म्हणतोय," असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. अनया बोर्ड काखेत घेऊन परतही निघाली होती. मीच तिला अडवलं, फोन तिच्यासमोर धरला. लाटांचा अंदाज देणाऱ्या ॲपवर सगळं हिरवंगार, म्हणजे धोका नाही. "उद्या फ्लाइट आहे, अनया. म्हातारा समुद्राशी गप्पा मारतो, तू डेटा बघ." अंकल मागून हाका मारत राहिले. शेवटी त्यांनीच उडी घेतली आणि तिला बाहेर काढलं, पण उशीर झाला होता. त्या दिवशी फोनवर नीलांबरीला मी सांगितलं, की इथल्या माणसाने हो म्हटलं होतं. एवढंच एक वाक्य. वर्षभर मी त्याच्याआड लपलो. लाज वाटते मला.

"त्यांना काही बोलू नकोस," मी म्हणालो. "ते नाहीच म्हणाले होते. मी पाठवलं तिला." मग सगळं सांगून टाकलं, ॲपसकट.

नीलांबरी ओरडली नाही. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"तिला जायचं होतं?"

"नाही."

"मग काय म्हणाली ती?"

"'ओके बाबा' म्हणाली."