कश्मिराची डावी बाजू

होक्काइदोच्या एका शाळेतून मुलींच्या आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षक ओनोदेरा-सान खास कश्मिराचा खेळ बघायला सेंदाईला आल्या, तेव्हा जून संपत आला होता. नवरा यतीन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत अडकलेला, म्हणून स्वरूपा एकटीच बर्फाच्या रिंकवर गेली. स्वेटर घालूनही कुडकुडत तिने लेकीचा अख्खा सामना पाहिला.

सामना संपल्यावर ओनोदेरा-सान वही उघडून शेजारी बसल्या. पाळणाघरातल्या नोकरीत स्वरूपा बरंच जपानी शिकली होती, तरी त्या सावकाश बोलल्या.

"स्केटिंग फार सुरेख. मनगटात जादू आहे. पकची चकती कुठे जाणार, हे तिला इतरांच्या आधी कळतं. चौदाव्या वर्षी हे क्वचित दिसतं." मग पान उलटून म्हणाल्या, "पण डावीकडून कुणी आलं की तिला पत्ताच नसतो. मान वळवतच नाही. हा आळस आहे. ऑक्टोबरमध्ये पुन्हा येईन. तेवढं सुधारलं, तर आमच्या संघात जागा तिचीच."

दोष एकच, आणि तोही सवयीचा. स्वरूपाने कंबर कसली. रोज संध्याकाळी घराच्या अरुंद पॅसेजमध्ये ती डावीकडून टेनिसचे चेंडू टाकायची आणि कश्मिराने ते अडवायचे. दहातले सहा-सात निसटायचे.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"बघतेय ना, आई."

"बघतेस तर दिसत कसं नाही?"

कश्मिरा चेंडू गोळा करून आणायची आणि पुन्हा उभी राहायची. जुलै गेला, ऑगस्ट गेला. स्वरूपाचा आवाज चढत गेला, पण निसटणारे चेंडू काही कमी होईनात.

सप्टेंबरात दोघी सायकलवरून बाजारात निघाल्या होत्या. डावीकडच्या गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ घंटी वाजवत आले आणि पुढे असलेली कश्मिरा सरळ त्यांच्यावर जाऊन आदळली. कुणाला फारसं लागलं नाही. कश्मिराने चार-चारदा वाकून माफी मागितली. ते गेल्यावर तिने हळूच विचारलं, "आई, ते आले कुठून?"

गल्ली चांगली रुंद होती. म्हातारबाबा स्वरूपाला कधीचे दिसत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी कश्मिराची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि हातात बटण दिलं. ठिपका चमकला की दाबायचं. डावीकडे ठिपक्यांमागून ठिपके चमकून गेले, बटण वाजलं नाही. स्वरूपाला वाटत होतं, आपणच हात लांबवून ते दाबावं.

आजार जन्मजात होता, दृष्टिपटलाचा. नजर कडेकडून आत मिटत येणार. डावा डोळा आधी, मग उजवाही. किती वर्षांत, ते डॉक्टरांना सांगता येईना. औषध नव्हतं. हॉकी मात्र आजपासून बंद.

यतीनने आठवडाभर मिळतील तेवढे शोधनिबंध वाचले. रविवारी दुपारी लॅपटॉप मिटून म्हणाला, "काही नाहीये गं." आयुष्यभर संशोधन केलेला माणूस, पण त्या शब्दांपुढे त्यालाही जाता आलं नाही.

स्वरूपाने ओनोदेरा-सानना फोन केला. डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मी आळस लिहिलं होतं. मला क्षमा करा."

"मी तर तिला रोज ओरडत होते," स्वरूपा म्हणाली.

त्या संध्याकाळी ती कश्मिराच्या खोलीत गेली. मुलगी स्टिकवरची टेप उलगडत बसली होती.

"कशू, मी उगाच रागावले गं तुला."

"मलाही तसंच वाटायचं," कश्मिरा म्हणाली. "की मी आळशी आहे. म्हणून मी शाळेतून येताना पण प्रॅक्टिस करायचे, डावीकडे बघण्याची."

स्वरूपा खाली तिच्याजवळ बसली. टेपची गुंडाळी दोघींच्या मध्ये वाढत गेली.

"आई, शनिवारी प्रॅक्टिसच्या वेळी मग मी काय करू?"

शनिवार परवावर आला होता. स्वरूपाने स्टिक आपल्याकडे ओढली आणि उरलेली टेप ती स्वतः उलगडू लागली.